चौदा महिने

"सावकाश, सावकाश. पुठ्ठा आहे तो," मी म्हणालो, पण तोवर एका कमानीचा तुकडा खाली पडला होता.

आठ-दहा मुली टेबलाभोवती दाटीनं उभ्या होत्या. वसतिगृहाच्या नव्या इमारतीचं मॉडेल मी दोन आठवडे खपून केलं होतं आणि त्या ते हातांनी बघत होत्या. 'बघतो' हाच शब्द त्या वापरायच्या. एकीची बोटं जिन्याची एकेक पायरी मोजत वर चढली. दुसरीनं मधल्या मोकळ्या जागेत तळहात ठेवला.

"इथं काहीच नाही की, सर."

"तो चौक आहे. वर आभाळ, चारी बाजूंनी व्हरांडा."

"म्हणजे पावसात भिजायला?" ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मला फार बरं वाटत होतं. चौतीस वर्षांचा होतो मी. सांगलीत आर्किटेक्ट म्हणून ऑफिस टाकून सहा वर्षं झाली होती आणि तोवर बंगल्यांच्या गॅलऱ्या नि दुकानांची शटरं यांपलीकडं काही केलं नव्हतं. आटपाडीच्या अलीकडच्या या माळावर अंध मुलींची निवासी शाळा होती. तिच्या वसतिगृहाचं काम मिळालं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की आपण काहीतरी उभं करणार आहोत. भाजक्या विटांच्या कमानी, गार सावलीचा व्हरांडा, उन्हाची तिरीप आत येईल अशा जाळ्या. डोळे मिटून त्या इमारतीत फिरता यायचं मला.

एका मोठ्या मुलीनं विचारलं, "आम्ही कधी यायचं राहायला?"

"पुढच्या वर्षीच्या जूनला."

टेबलावरचे हात थांबले.

"म्हणजे ह्या जूनला नाही?"

"ह्या जूनला कसं होईल? चौदा महिन्यांचं काम आहे."

दारात वसतिगृहाच्या अधीक्षिका वाघमोडे बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, कायम घाईत असल्यासारखा पदर खोचलेला. त्या माझ्याकडं जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला गं, प्रार्थनेची वेळ झाली."

ही २००३ सालच्या जानेवारीतली गोष्ट. जुनं वसतिगृह दगडमातीचं होतं. दोन भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा गेल्या होत्या आणि ते राहण्याजोगं नाही असा दाखला आला होता. त्रेचाळीस मुलींना गावातल्या एका मंगल कार्यालयात हलवलं होतं, पण तेही एप्रिलपर्यंतच. पुढं लग्नसराई. तोवर परीक्षा उरकायची, सुट्टीत मुलींना घरी पाठवायचं आणि इमारत झाली की परत बोलवायचं, असं ठरत होतं.

त्याच आठवड्यात संस्थेच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष डॉक्टर मगदूम. त्यांनी एक माहितीपत्रक पुढं सरकवलं. तळेगावच्या पुढं एक कारखाना होता. तिथं भिंती आणि स्लॅब साच्यात ओतून तयार करायचे, ट्रकवर घालून आणायचे, क्रेननं उभे करायचे आणि जोड बुजवून टाकायचे. पाया तेवढा आपण घालायचा.

"रेडिमेड बिल्डिंग म्हणा ना," एक सभासद म्हणाले.

"जूनच्या आत होते म्हणतात. कुंभोजकर, तुमचं काय मत?"

माझं मत तयारच होतं. आपल्या वळणाच्या रस्त्यावर एवढी मोठी क्रेन येणार कशी? जोडांतून पाणी पाझरलं तर? उद्या एखादी खिडकी हलवायची म्हटलं तर हलवता येणार नाही. उन्हाळ्यात भिंती तापतील. शिवाय इथल्या गवंड्यांच्या हातचं काम जाईल. आणि शेवटी मी म्हणालो, "त्या मुलींना दिसत नाही, म्हणून त्यांना गोदामात ठेवायचं का?"

हे वाक्य सगळ्यांना लागलं. डॉक्टरांनी पत्रक परत घेतलं. "तरी आठ दिवसांत लेखी मत द्या. तुम्ही म्हणाल तसं करू."

वाघमोडे बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. माझ्या त्या वाक्याला त्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, त्यांना गहिवरून आलं.

बाहेर पडताना त्यांनी मला गाठलं. "रविवारी मोकळे आहात का? जतच्या पुढं एका गावाला जायचंय. एसटीनं गेलं की दिवस मोडतो. तुमची गाडी आहे म्हणून विचारते."

"काय काम आहे?"

"एक मुलगी आहे आपली. भेटून येऊ."

रविवारी सकाळी निघालो. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. वाटेत त्या ज्वारीबद्दल बोलल्या, टँकरबद्दल बोलल्या, इमारतीबद्दल चकार शब्द नाही. गाव म्हणजे माळावरची तीस-चाळीस घरं. शेवटच्या घरापुढं एक बाई बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. अंगठ्यानं शेंग दाबायची, दाणे सुपात, टरफल मागं. एकही दाणा खाली पडत नव्हता. दोनेक वर्षांची एक पोर तिच्या पाठीला चिकटून उभी होती.

गाडीचं दार वाजलं तशी ती थांबली.

"कोन हाय?"

"ओळख बघू," बाई म्हणाल्या.

"अगं बाई!" ती उठली, ते सूप सांभाळतच. "आलासा व्हय! म्या कालच म्हनलं, शेंगाचं दिस आलं, आता बाई येतील."

तिचं नाव वैजयंता. वय बावीस, पण दिसायला तिशीची. घरात सासू होती, शेतावर नवरा आणि त्याच्या पहिल्या बायकोचे दोन मुलगे. सासूनं आम्हाला घोंगडं अंथरलं. "लई कामाची हाय," ती सुनेबद्दल म्हणाली. "डोळं न्हाईत पर काय अडत न्हाई तिचं." खरंच अडत नव्हतं. तिनं चूल पेटवली, चहा केला, कप मोजून भरले आणि एकही थेंब न सांडता माझ्या हातात दिला.

"ह्ये कोन?"

"आपलं नवं वसतिगृह बांधणारे साहेब."

"नवं? आन् जुन्याचं काय झालं?"

"भेगा गेल्या."

"माझी खाट व्हती त्या खोलीला बी?"

"त्या खोलीला पण."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तिथं खिडकीतनं लिंबोळ्याचा वास यायचा."

बाईंनी पिशवीतून जाड पुस्तक काढलं. ब्रेलचं होतं. वैजयंतानं हात लुगड्याला पुसले, परत पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

"आमच्या शाळेत हिच्याइतकं भरभर कुणी वाचायचं नाही," बाई मला म्हणाल्या. "जिल्ह्यात पहिली आली होती."

वैजयंताचं बोट ओळीवर आलं. पुढं सरकलं, मागं आलं. तिनं दुसरं बोट लावून बघितलं. मग डाव्या हाताची करंगळी. पोर पानाचा कोपरा ओढत होती.

"बोटं जाड झाली, बाई," ती म्हणाली. "समदं सपाट लागतंय."

"राहू दे गं."

"थांबा."

तिनं पुस्तक दोन्ही हातांनी वर उचललं आणि पान ओठांना लावलं. हळूहळू मान सरकवत गेली, डावीकडून उजवीकडं. मी दुसरीकडं बघायला हवं होतं, पण मला बघता आलं नाही.

"एका... गावात... एक..." ती थांबली, पुस्तक खाली घेतलं आणि लाजून हसली. "तीन शब्द झालं. गेल्या खेपेला दोनच झालं व्हतं."

निघताना बाईंनी पुस्तक तिथंच ठेवलं. आधीची सात-आठ पुस्तकं फडताळात फडक्यात बांधून ठेवलेली मी पाहिली. वैजयंता गाडीपर्यंत आली. दाराच्या काचेवर हात ठेवून मला म्हणाली, "सायब, चांगलं बांदा हां."

परतीच्या वाटेवर जत मागं पडलं. मग मीच विचारलं, "तिनं शाळा का सोडली?"

"सोडली नाही. मी घरी पाठवली."

गाडी मी बाजूला घेतली.

"चौऱ्याण्णव साली वसतिगृहाचं छप्पर खचलं," बाई समोर बघत सांगू लागल्या. "तेव्हा एकतीस मुली होत्या. समितीतले म्हणाले, मैदानात पत्र्याची शेड मारू, दोन महिन्यांत होते, तोवर भागेल. मी नाही म्हटलं. भांडले त्यांच्याशी. म्हटलं, पोरी आंधळ्या आहेत म्हणून कशातही ठेवायच्या का? करायचं तर नीट करा. सागवानी वासे, मंगलोरी कौलं. लोकांना माझं पटलं. काम सुरेख झालं हो. तेरा महिने लागले."

"आणि मुली?"

"एकतीस गेल्या. बावीस परत आल्या." त्या थांबल्या. "घरी पोर वर्षभर राहिली की घराला तिची सवय होते. शेंगा फोडते, पोरं सांभाळते, दळते. मग कुणी विचारतं, बिजवर आहे, चालेल का. आई-बाप वाईट नसतात. त्यांना वाटतं, मार्गी लागली. ही तेरा वर्षांची होती. मी तिच्या वडलांना सांगितलं होतं, छप्पर झालं की पत्र टाकते. मी पत्र टाकलं, तेव्हा हिचं लग्न ठरलेलं होतं."

"नऊजणी."

"नऊ. सुट्टीत एकेकीकडं जाते. दोघी आता नाहीत. हिच्याकडं दर वर्षी येते. पुस्तकासाठी."

माळावर वारा सुटला होता. बाईंनी काच वर केली.

"हे तुम्ही बैठकीत का नाही बोललात?"

"तुम्ही तेच बोललात ना, जे मी बोलले होते. गोदामाचं. माझ्या तोंडचंच वाक्य. आता ते मी कसं खोडू?" त्या पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. "तुमचं ते मॉडेल फार चांगलं आहे, साहेब. खोटं नाही बोलत. मला इतकं आवडलं, की भीतीच वाटली."

त्या आठवड्यात मी दोनदा लेखी मत लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. मधला काही मार्ग निघतो का पाहिलं. अर्धी इमारत आधी, अर्धी नंतर? तरीही पहिल्या अर्ध्याला नऊ महिने लागत होते. भाड्याची जागा शोधली. जागा होत्या, पण त्रेचाळीस अंध मुली म्हटलं की घरमालक चहा पाजून दारापर्यंत सोडायला यायचे. तळेगावला जाऊन आलो. भल्या मोठ्या शेडमध्ये आडवे साचे, त्यात सळ्या, वरून काँक्रीट. एका भिंतीवर मी हात ठेवला. काचेसारखी गुळगुळीत आणि गार. तिथला माणूस अभिमानानं सांगत होता, एक सूतभर फरक पडत नाही. मला ती आवडली नाही. आजही आवडत नाही. त्याला मी तारखा विचारल्या, एकेक, पुन्हा पुन्हा आणि त्याच्याकडून लिहून घेतल्या.

मग यमाजी मिस्त्रींकडं गेलो. माझी आधीची पाच कामं त्यांनी केली होती. साठी उलटलेला माणूस. कमानी ऐकून त्यांनी दोन जुने कारागीर विजापूरकडून बोलावून ठेवले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पानाचा विडा अर्धवट लावून तसाच खाली ठेवला.

"म्हंजे भिती कारखान्यातनं येनार. मग आमी काय करायचं? क्रेन बगायची?"

"पाया आहे, जोतं आहे, स्वयंपाकघर आहे. जोड बुजवायचे आहेत."

"जोड," ते म्हणाले. "ठिगळं म्हना की."

मी वैजयंताबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. तिच्या नावावर त्यांच्याकडून होकार घ्यायचा, हे मला जमेना. नमस्कार करून उठलो. त्यांनी मान वर केली नाही.

मॉडेल ऑफिसात कपाटावर ठेवलं आणि चार ओळींचं मत लिहून डॉक्टरांना दिलं. त्यात कारण लिहिलं नाही. समितीत मला कुणीतरी विचारलं, "अहो, तुम्हीच गोदाम म्हणाला होता." मी म्हणालो, "चुकलो."

पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशी सकाळी यमाजी मिस्त्री ओळंबा आणि दोरी घेऊन हजर. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाया तरी कारखान्यातनं येत न्हाई न्हवं?"

चार महिने कसे गेले सांगता येणार नाही. क्रेन ओढ्यावरच्या वळणाला अडली. गावकऱ्यांनी बांध फोडून वाट करून दिली. एक भिंत उतरवताना तडकली, ती परत पाठवली, दुसरी यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत बाई रोज येऊन रिकाम्या जागेकडं बघून जायच्या. जोडांवर पाणी मारलं तर दोन ठिकाणी पाझरलं. यमाजी मिस्त्रींनी ते सगळे जोड उकरून काढले आणि आपल्या हातांनी पुन्हा भरले. "ठिगळ लावायचं तर असं लावावं, की आईलाबी कळू नये," असं पोरसवदा इंजिनियरला सुनावलं.

मधेच बाईंनी वैजयंताला स्वयंपाकघरात कामाला घ्यायचं ठरवलं होतं, समितीची मंजुरीही मिळवली. तिच्या नवऱ्यानं पाठवलं नाही.

जूनच्या बारा तारखेला इमारत उभी राहिली. दोन सरळ ओळी, एकसारख्या खोल्या, एकसारख्या खिडक्या. चौक नाही, कमान नाही, जाळी नाही. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघितलं आणि मला स्वतःची लाज वाटली. सांगलीचा एक मित्र उद्घाटनाला येणार होता, त्याला मी येऊ नको म्हणून कळवलं.

सोळा तारखेला मुली यायला लागल्या. एसटीनं, जीपनं, कुणी बापाच्या सायकलवर. तळहातांनी भिंती चाचपत व्हरांड्यातून फिरायला लागल्या आणि तासाभरात गोंधळ उडाला. सगळी दारं सारखी, भिंती सारख्या. पोरी एकमेकींच्या खोल्यांत शिरत होत्या, हसत होत्या, एक छोटी तर रडायलाच लागली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यमाजी मिस्त्री पायरीवर बसून बघत होते. ते उठले, घमेल्यात थोडं सिमेंट कालवलं आणि प्रत्येक दाराशेजारी, मुलींचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, एकेक लपका मारला. एकावर बांगडीचा ठसा उठवला, एकावर गोटा बसवला, एकावर बोटांनी रेघा ओढल्या. "ओलं हाय गं, उद्यापतूर हात लावू नगा," ते ओरडत होते आणि पोरी लावत होत्या.

बाई मात्र यादी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. दुपारी मुली तीसच्या पुढं गेल्या. संध्याकाळी शेवटची गाडी आली, तिच्यातून दोघी उतरल्या. बेचाळीस. मुक्ता यायची राहिली होती. नऊ वर्षांची, पलीकडच्या तालुक्यातल्या एका वाडीची. तिच्या बापानं सुट्टीत बाईंना विचारलं होतं म्हणे, की आता हिला ठेवूनच घेऊ का घरी.

"उद्या येईल," मी म्हणालो.

"हो," बाई म्हणाल्या. रात्री जेवणाचं ताट त्यांनी तसंच बाजूला सारलं.

सकाळी सहालाच त्या माझ्या गाडीपाशी उभ्या होत्या. आम्ही निघालो. पंधरा-सोळा किलोमीटर गेलो असू. पुढं रस्त्याच्या कडेनं एक माणूस चालताना दिसला. डोक्यावर पत्र्याची पेटी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. त्याच्या सदऱ्याचा शेव धरून मागं एक मुलगी चालत होती.

मी गाडी थांबवली. बाई उतरल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या.

"काल एसटी आलीच न्हाई, बाई," तो माणूस पेटी उतरवत घाईघाईनं सांगू लागला. "दुपारपतूर वाट बगितली. मग म्हनलं, चालत जाऊ. रातीला देवळात ऱ्हायलो. हिनं ऐकलंच न्हाई, एकसारकी म्हनायची, शाळा उगडली, शाळा उगडली." मग त्याचा आवाज उतरला. "एक दिस उशीर झाला. जागा हाय न्हवं अजून?"

बाईंनी मान हलवली. पदर तोंडाला लावून त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. त्यांना असं मी आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

"आहे," मी म्हणालो. "खाट मांडून ठेवलीय तिची."

मी पेटी डिकीत ठेवली, तिच्या बापाला पुढं बसवलं. बाई मुक्ताला घेऊन मागं बसल्या. गाडी वळवली तशी ती पुढं सरकून माझ्या सीटला धरून उभी राहिली.

"सायब, तुमीच बांदली का नवी बिल्डिंग?"

"हो."

"कशी हाय?"

आरशात बाई दिसत होत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचा हात त्या पोरीच्या पाठीवर होता.

"तयार आहे," मी म्हणालो.